वीस सांध्यांची परीक्षा

३ मार्च, सोमवार. सकाळी ८

हॉस्पिटलातल्या नर्सने काल-परवा एक छापील तक्ता दिला आणि वर ही कोरी वही. म्हणाली, मिस्टर पेंगिली, रोज सकाळी लिहायचं. सांधे किती वेळ आखडले होते, दुखणं किती, गोळी घेतली का. तीन महिन्यांनी डॉक्टरांना दाखवायचं. मी हो म्हटलं. तक्ता तपासणीच्या दिवशी गाडीत बसून एकदम भरून टाकीन. वही चांगली आहे, ती मला राहू दे.

स्वतःपुरती नोंद: दोन वर्षं झाली ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस होऊन. एवढं मोठं नाव माझ्या घराण्यात कुणाला नव्हतं. डॉक्टर स्टामाटिस तीन महिन्यांतून एकदा अॅडलेडहून गाडी चालवत इथे येते. माझे बूट तिच्यापेक्षा वयाने मोठे असतील. तिचं म्हणणं असं: गोळ्या आठवड्यातून एकदा, नेमाने घ्या. दहा जूनला आणि पुन्हा सप्टेंबरात मी सांधे मोजीन. सहा महिने नेमाने गोळ्या घेऊनही वीस सांधे सुजलेले निघाले आणि रक्तातला सुजेचा आकडा चढलेला असला, तर सरकारला अर्ज करून तुम्हाला नवीन इंजेक्शन मिळवून देईन. ते मिळालं तर हात वाकडे होण्याआधी थांबवता येतील. वीस भरले नाहीत तर सरकार देत नाही.

म्हणजे परीक्षाच आहे. वीस सांधे सुजलेला माणूस म्हणजे नापास माणूस. लेस पेंगिली आजवर कुठल्या परीक्षेत नापास झालेला नाही. सदतीस वर्षं लोकरीची प्रतवारी केली, एका गठ्ठ्यावरचा शिक्का कुणी खोटा ठरवला नाही.

ऑक्टोबरमध्ये गावचा शो, म्हणजे शेतकी प्रदर्शन. लोकरीचा परीक्षक सलग तेविसाव्या वर्षी मीच. त्याला हात लागतात. हात ठीक आहेत. सकाळी थोडे रुसतात, इतकंच.

१० मार्च, सोमवार

गोळ्या घेतल्या. चिमुकल्या, पिवळ्या. औषधाच्या दुकानातल्या पोरीने डबीवर ‘सोमवार’ असं ठळक लिहून दिलं आहे. आतला कागद वाचला. हीच गोळी मोठ्या प्रमाणात कॅन्सरवाल्यांना देतात म्हणे. असा कागद डबीत घालणाऱ्याला लोकांनी बरं व्हावं असं वाटत नसणार.

११ मार्च, मंगळवार

मळमळ. चहाला पत्र्याची चव. मंगळवारी दुपारी बोल्स असतात, हिरवळीवर चेंडू सरपटत टाकायचे, क्लबावर पांढरे कपडे घालून जायचं असतं. नाही गेलो. गाडीची बॅटरी उतरली असं कळवलं. मग नेव्हिल, क्लबाचा आणि शोचा कारभारी, स्वतःची बॅटरी घेऊन आला. त्याने गाडी सुरू करून पाहिली, ती लगेच झाली. दहा मिनिटं आम्ही दोघं बॉनेटकडे बघत उभे होतो.

२५ मार्च, मंगळवार

बोल्स चुकू नयेत म्हणून गोळीचा दिवस बुधवार केला. पण गुरुवारी क्लबात मटणाची सोडत असते. म्हणून शुक्रवार. शनिवारी फुटबॉल. म्हणून रविवार. सोमवारी सकाळी मळमळत बागेत काम कसं करायचं? या सगळ्या गडबडीत एक आठवडा गोळीविनाच गेला. हात काही गळून पडले नाहीत. विचार करण्यासारखं आहे.

७ एप्रिल, सोमवार

विचार केला. लिव्हरला थोडी विश्रांती द्यायची. माझं शरीर मला कळत नाही का?

बायको, रेलीन, दर सोमवारी स्वयंपाकघरातून विचारते, घेतलीस का रे गोळी? मी म्हणतो, घेतली. मार्चमध्ये घेतलीच होती. तेव्हा हे अगदी खोटं म्हणता येणार नाही.

गोळीऐवजी मासळीचं तेल, रोज एक मोठा चमचा. शिवाय तांब्याचं कडं. आमचे पूर्वज इथे तांब्याच्या खाणीत मेले, ते काही उगाच नाही. मनगट हिरवं पडलं आहे, म्हणजे आत जातंय.

१६ एप्रिल, बुधवार

रेलीनच्या आग्रहाखातर लायब्ररीतल्या सांधेवाल्यांच्या बैठकीला गेलो. अकरा बायका आणि मी. प्रत्येकीपुढे स्कोन, लोणी लावलेला गोल पाव. जी ती आपलं दुखणं सांगत होती. एकीची गोळी केस गाळते. एकीला रोज स्वतःला सुई टोचायची इतकी धास्ती की नवरा टोचतो आणि मग नवरा आडवा होतो. एक म्हणाली, औषध लागू पडलं तरी मला राग येतो, कारण मग लोक म्हणतात तुला झालंय तरी काय.

ग्लेनिस पॅस्कोही होती. शाळेत माझ्या मागच्या बाकावर असायची. तिला हे दुखणं माझ्या आधीपासून आहे. घरी चरखा आहे, लोकर कातते. मधे दोन वर्षं चरखा बंद होता, आता इंजेक्शन घेऊन पुन्हा सुरू झाला म्हणे. इंजेक्शन कसं मिळवलं ते भर सभेत सांगितलं. म्हणाली, मी डॉक्टरीणबाईंपुढे जशी सकाळी सातला असते तशी गेले. केस विंचरले नाहीत, कारण हात डोक्यापर्यंत जात नव्हता. बटणं लावली नाहीत, कारण लागत नव्हती. आणि सांगून टाकलं की बाई, मला संडासला गेल्यावर स्वतःचं स्वतःला पुसता येत नाही. तिने सांधे मोजले, अठ्ठावीस.

स्कोन माझ्या घशात अडकला. काही लाज?

मग माझ्याकडे वळून म्हणाली, लेस, डॉक्टरसमोर शहाणपणा करू नकोस हं. तिथे शहाण्याला काही मिळत नाही.

पुन्हा जाणार नाही.

११ मे, रविवार

मदर्स डे. आईच्या कबरीवर पांढरी शेवंती ठेवून आलो.

आईलाही हेच होतं. तेव्हा नाव कुणी सांगितलं नाही, नुसतं ‘हाडांचं’ म्हणायचे. मी वर लिहिलं की घराण्यात कुणाला नव्हतं. होतं. तिला सोन्याची इंजेक्शनं द्यायचे. खरं सोनं. महिन्याच्या महिन्याला बसने हॉस्पिटलात जायची. एक इंजेक्शन चुकवलं नाही, एक गोळी टाकली नाही, नर्सने सांगितलेला प्रत्येक व्यायाम केला. आणि शेवटी खिडकीशी बसलेली असायची, हात मांडीवर उताणे, बोटं सगळी एका बाजूला वळलेली. पेस्टीची, खिम्याच्या मोठ्या करंजीची, कड दुमडायला मला हाक मारायची. तेरा वर्षांचा होतो. मी बाहेर खेळायला गेलो आहे असं भासवून परसात लपून बसायचो.

सगळं नेमाने करणाऱ्या बाईचं असं झालं. मग मला कोण नेम शिकवतंय?

भीती वाटते. हे एकदाच लिहितो.

२९ मे, गुरुवार

परीक्षेला बारा दिवस. तयारी जेमतेम. आज सकाळी नळ सोडायला दोन्ही तळवे लावावे लागले. उजव्या हाताची मधली दोन बोटं सॉसेजसारखी. एकट्याने मोजून पाहिलं, सतरा भरले. पायाची बोटं मोजली नाहीत, वाकवत नव्हतं. म्हणजे काठावर आहे. थंडी पडली आहे, त्याचा परिणाम.

३ जून, मंगळवार

मार्ग सापडला.

डस्टर, आमचा म्हातारा केल्पी कुत्रा, दरवर्षी हिवाळ्यात खाजवून अंग सोलून काढतो. गुरांच्या डॉक्टरने त्याला गोळ्या दिल्या आहेत. चीजच्या तुकड्यात घालून मीच देतो. आज डबीवरचं नाव नीट वाचलं. प्रेडनिसोलोन. अरे, दोन वर्षांपूर्वी हॉस्पिटलने मला पहिल्याच आठवड्यात दिली होती तीच! तीन दिवसांत मी धावत होतो. मग त्या स्टामाटिसबाईने आल्याआल्या ती बंद केली. म्हणाली, ही नुसती रंगरंगोटी आहे, भिंत आतून पोखरतच राहते. ज्याने माणूस धावतो ते बंद करायचं आणि ज्याने ओकतो ते सुरू ठेवायचं. याला वैद्यकशास्त्र म्हणतात.

डस्टरचं वजन वीस किलो. माझं ऐंशी. म्हणजे मी चार डस्टर. हिशेब सोपा आहे. परीक्षेच्या चार दिवस आधी सुरू करायचं. तेवढे दिवस डस्टरला नुसतं चीज. त्याला काय कळतंय.

८ जून, रविवार. पहाटे ४:३०

काय ही तब्येत! साडेतीनलाच जाग आली. उठलो, पत्र्यावरची पन्हळ साफ केली, शेडमधले सगळे खिळे आकारानुसार लावले, चार अंडी खाल्ली. मूठ वळते. पूर्ण! रेलीन गाऊनमध्ये बाहेर आली आणि शिडीखाली उभी राहून म्हणाली, लेस, उतर, वेड लागलंय का, शेजारी झोपलेत. मी वरून तिला म्हटलं, चल नाचू. ती हसली. किती दिवसांनी हसली.

डस्टर रात्रभर खाजवत होता.

१० जून, मंगळवार. दुपारी १

उत्तीर्ण!

इस्त्रीचा शर्ट, टाय. टाय स्वतः बांधला. गाडीत बसून तक्ता भरला: दोन, दोन, एक, दोन, एक. मधे एक तीन टाकला, अगदीच बनावट वाटू नये म्हणून. आत गेल्यावर डॉक्टरणीशी कडक हस्तांदोलन केलं. तिनेच हात झटकला.

सांधे मोजले. पाच! वीसपैकी पाच. रक्ताचा आकडाही खाली. तिचा चेहरा उजळला. म्हणाली, मिस्टर पेंगिली, मला खरंच आनंद झाला, गोळ्यांनी जोर धरला म्हणायचा, अशाच चालू ठेवा, इंजेक्शनची गरज नाही. मी म्हटलं, मेहनत घ्यावी लागते. सुंठीवाचून खोकला गेला. त्या ग्लेनिसला अठ्ठावीस, मला पाच.

बाहेर रेलीन वाट बघत होती. तिला सांगितलं तर तिने डोळे पुसले. म्हणाली, मग ऑगस्टमध्ये मी पर्थला जाऊ शकते, आपल्या पोरीच्या, टॅमसिनच्या बाळंतपणाला. मला वाटत होतं तुला सोडून जाता येणार नाही. मी म्हटलं, जा की. महिनाभर राहा.

१९ जून, गुरुवार

थंडी जरा जास्तच. शर्टाची बटणं रेलीनने लावली. मी म्हटलं, पन्हळ साफ केली त्याचा हा ताण आहे. ती म्हणाली, त्याला दहा दिवस झाले रे.

डस्टरला घेऊन रेलीन गुरांच्या डॉक्टरकडे जाऊन आली. पाठ अगदी लालेलाल. डॉक्टर म्हणाला, औषध कमी पडतंय, डोस दुप्पट करू. आता डबीत पुष्कळ गोळ्या आहेत. खास प्रसंगासाठी काही बाजूला ठेवल्या आहेत.

१४ जुलै, सोमवार

खास प्रसंग: नेव्हिलच्या वाढदिवसाचं जेवण, क्लबाची बैठक, रेलीनच्या बहिणीची भेट, फुटबॉलचे दोन शनिवार. डबी संपली.

गोळी नसल्याचा हा चौथा दिवस. ब्रेडला लोणी लावता येत नाही. रेलीन लावते आणि तुकडे करून देते, जसे टॅमसिनला द्यायची.

हॉस्पिटलातून नर्सचा फोन आला, कसं काय, काही त्रास? मधे काही असेल तर सांगा, आधी बोलावून घेऊ. मी म्हटलं, छे, अगदी मजेत. फोन रेलीनने माझ्या कानाला धरला होता. ठेवल्यावर ती माझ्याकडे बघत राहिली. मी म्हटलं, फोनवर रडगाणं गायची आमच्याकडे पद्धत नाही. ती म्हणाली, तुमच्याकडे मला लोणी लावायची पद्धत आहे.

३ ऑगस्ट, रविवार

रेलीन काल पर्थला गेली. मीच पाठवली. जाऊ नको म्हणता आलं असतं, पण तिने बाळासाठी विणलेलं सगळं पेटीत भरलं होतं. मोकळं वाटतंय. पुरुषाने अधूनमधून एकटं राहावं. संकल्प: रोज चालणं, गरम स्वयंपाक, आणि शोच्या तयारीसाठी रोज अर्धा तास लोकर हाताळणं.

६ ऑगस्ट, बुधवार

बूट नाही, गमबूट. नाडी नसते. पँट नाही, इलॅस्टिकची विजार. झोपताना काढत नाही, वेळ वाचतो. गरम स्वयंपाकाचा अनुभव: बीन्सचा डबा, डबा उघडायचं यंत्र, मी. डबा जिंकला. ब्रेडला लावायच्या व्हेजमाइटच्या बरणीचं झाकण घट्ट. कुणी लावलं इतकं घट्ट? मीच, जूनमध्ये.

टॅमसिनला मुलगी झाली. फोनवर चेहरा दाखवला. गबाळा दिसू नये म्हणून वरून स्वेटर ओढून घेतला, त्याला वीस मिनिटं लागली. रेलीन म्हणाली, हात दाखव रे, हात कुठे आहेत तुझे? मी म्हटलं, खिशात, थंडी आहे. विजारीला खिसे नाहीत.

१५ ऑगस्ट, शुक्रवार

ग्लेनिस पॅस्को आली. रेलीनने फोन केला असणार. सूपचं भांडं घेऊन. दार तिने बाहेरून ढकललं कारण मला मूठ फिरवता येईना. आत आली, ओट्याकडे बघितलं, डब्याला स्क्रूड्रायव्हरने पाडलेली भोकं बघितली, माझ्याकडे बघितलं. सूप कपात ओतून दिलं, दोन कानांच्या, बाळाला देतात तसल्या कपात. तो पिशवीत घालून आणला होता.

मी सहज विचारलं, इंजेक्शन हवं असलेला एक माझा मित्र आहे, त्याला अजून मिळेल का? ती म्हणाली, तुझ्या त्या मित्राला सांग, नटूनथटून जाऊ नकोस. आहे तसा जा. आणि गोळ्या खरोखर घेत जा म्हणावं. ओकारी येते मलाही ठाऊक आहे. मी चार महिने बादली घेऊन झोपले. देवाशपथ सांगते लेस, मला त्या गोळ्यांचा इतका राग यायचा की डबीशी भांडायचे मी. पण घ्यायचे.

जाताना तिने कपाटातल्या सगळ्या बरण्यांची झाकणं सैल करून ठेवली. न विचारता. आगाऊ बाई.

सगळ्या बरण्या उघडल्या.

२४ ऑगस्ट, रविवार

रेलीन परत आली, एक आठवडा आधीच. बाळाचे फोटो दाखवले. मग मला न्हाऊ घातलं.

निर्णय: इंजेक्शन घ्यायचं. हार मानली म्हणून नाही, शोसाठी. शो अकरा ऑक्टोबरला. नऊ सप्टेंबरला डॉक्टर येईल. यावेळी परीक्षा उलटी द्यायची. वीस हवेत? वीस देऊ.

७ सप्टेंबर, रविवार

तयारी उत्तम. डस्टरच्या गोळीला आठ आठवडे हात लावलेला नाही. आता दुप्पट डोस खरंच त्याच्या पोटात जातोय. त्वचा छान झाली, पण त्याला राक्षसासारखी भूक लागते. काल रेलीनने चर्चसाठी केलेल्या सहा पेस्टी खाल्ल्या आणि बैठकीच्या खोलीत तळं केलं. रेलीन म्हणते, हा जूनमधल्या तुझ्यासारखा वागतोय.

मी हसलो नाही.

९ सप्टेंबर, मंगळवार

दाढी केली नाही. केस तसेच. स्वेटर उलटा. तक्ता कोराच नेला, म्हटलं बाई, पेन धरवत नाही. तिने एकेक सांधा दाबला. मी यावेळी दात आवळले नाहीत, चांगला ओरडलो. तेवीस! तीन जास्तच. रक्ताचा आकडा आभाळाला. मी खुर्चीत सैल बसलो. म्हटलं, मग, अर्ज लिहिताय ना?

ती कॉम्प्युटरकडे वळली. बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, मिस्टर पेंगिली, औषधाच्या दुकानाची नोंद दिसते आहे. पिवळ्या गोळ्यांची एकच डबी नेलीत, मार्चमध्ये. ती एप्रिलमध्ये संपायला हवी होती.

मी म्हटलं, जपून वापरली.

रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, गोळ्या सहा महिने नेमाने घेऊन नापास झाल्या असत्या, तर मी याच खुर्चीत बसून आज अर्ज केला असता. सरकार पहिला प्रश्न हाच विचारतं. तुमच्या गोळ्या नापास झाल्या नाहीत. तुम्ही त्यांना परीक्षेला बसूच दिलं नाहीत. आणि जूनमध्ये मी स्वतः लिहून पाठवलं आहे, पाच सांधे, उत्तम सुधारणा. गोळ्यांशिवाय पाच कसे झाले हो?

मी म्हटलं, मासळीचं तेल.

तिने फाइलमध्ये लिहिलं: मासळीचं तेल. लिहिताना तिचा हात अगदी सुरेख चालतो.

मग एक्स-रे दाखवला. मार्चच्या शेजारी आजचा. उजव्या हाताच्या दोन बोटांची मुळं आणि मनगटाची एक कड उंदराने कुरतडल्यासारखी. मी विचारलं, हे इंजेक्शनने भरून येतं का? म्हणाली, गेलेलं येत नाही. राहिलेलं राखता येतं. आजपासून सहा महिने मोजू. मळमळते हे मला मार्चमध्येच का नाही सांगितलंत? त्यावर दुसरा उपाय होता. हीच गोळी सुईतून देता येते.

मला काय माहीत. मला कुणी विचारलं का? विचारलं होतं. मी म्हटलं होतं, मजेत.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

गाडीत रेलीन म्हणाली, काय झालं? मी म्हटलं, समाधानी आहे डॉक्टर. तेच चालू ठेवा म्हणाली.

१५ सप्टेंबर, सोमवार

सुई घेतली. रेलीनने टोचली. डॉक्टरने पद्धत बदलली असं तिला सांगितलं आहे. मळमळ, पण कमी. मार्चमध्येच हे झालं असतं तर आज सहा महिने पुरे झाले असते. हे वाक्य लिहायला नको होतं.

२२ सप्टेंबर, सोमवार

सुई. पेनाला स्पंजाची नळी गुंडाळली आहे, तरी निसटतं. थोडक्यात लिहीन.

४ ऑक्टोबर, शनिवार

शेडमध्ये लोकर घेऊन बसलो. बट काढायची, दोन्ही हातांच्या चिमटीत ताणून कानाशी धरायची आणि टिचकी मारायची. निरोगी लोकर तारेसारखी वाजते. कच्ची तुटते. एवढीच परीक्षा. चिमूट बसत नाही. बट निसटते. मऊपणाही नीट कळत नाही, बोटांवर जणू हातमोजे चढवलेत.

हरकत नाही. सदतीस वर्षांची नजर आहे. नजरेनेच करीन. नेव्हिलने फोनवर विचारलं, लेस, जमेल ना रे? नाहीतर सांग, काही वाटून घेऊ नकोस. मी म्हटलं, तुझ्या बॅटरीची काळजी कर.

११ ऑक्टोबर, शनिवार. संध्याकाळी

शो.

चौदा लोकरी, टेबलावर पसरलेल्या. लोक भोवती. मी हात पाठीमागे बांधून फिरलो, भारदस्त दिसतं. सात नंबरला पहिलं बक्षीस. झळाळी, लाटा, सगळं नजरेत भरणारं. निळी फीत लावायला हात उठेना, ती ग्लेनिसने लावली. यंदा ती मदतनीस होती. फीत लावताना तिने सवयीने एक बट उपसली, ताणली, टिचकी मारली.

तुटली. आवाज सगळ्यांनी ऐकला. तिने दुसरी काढली, तीही तुटली. लोकर मधोमध कच्ची होती. सूतही निघालं नसतं.

ती पटकन म्हणाली, माझंच नख लागलं वाटतं. सगळ्यांना कळलं की ती माझ्यासाठी खोटं बोलतेय. ज्याची लोकर होती तो पोरगा नव्हे, चांगला पन्नाशीचा शेतकरी, खाली बघत म्हणाला, राहू दे फीत, काढा हवं तर.

मग नेव्हिलने माइक घेतला. लेस पेंगिली यांच्या तेवीस वर्षांच्या सेवेबद्दल आभार. लाकडी पाटी दिली. पितळेवर माझं नाव, पहिलं वर्ष आणि शेवटचं वर्ष कोरलेलं. शेवटचं वर्ष यंदाचंच. पितळ काही दुपारच्या दुपारी कोरून मिळत नाही. म्हणजे त्यांना आधीच ठाऊक होतं. सगळ्या गावाला ठाऊक होतं. पुढच्या वर्षी परीक्षक ग्लेनिस. टाळ्या.

पाटी रेलीनने धरली.

१३ ऑक्टोबर, सोमवार. सकाळी

ही नोंद रेलीनच्या अक्षरात आहे. मी सांगतोय, ती लिहितेय. शनिवारचं लिहायला मला दोन तास लागले होते आणि आज पेन बोटांत राहतच नाही. नव्याने सुरुवात करायची होती, संकल्प लिहायचे होते, म्हणून तिला म्हटलं, जरा मदत कर, शेवटचं कोरं पान उघड.

तिने पहिलं पान उघडलं.

मी समोरच बसलो होतो. या खुर्चीतून मला हाताला धरून उठवावं लागतं, त्यामुळे जाता आलं नाही. तिने सगळं वाचलं, मार्चपासून. तीन जूनशी बराच वेळ थांबली. मग उठून डस्टरपाशी गेली आणि खाली बसून त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. परत आली, पुढचं वाचलं. नऊ सप्टेंबर दोनदा वाचलं. मी म्हटलं, चहा गार होतोय. तिने ऐकलं नाही.

मग टॅमसिनला फोन लावला. म्हणाली, नाताळला येणं जमणार नाही गं. नाही, मार्चपर्यंत तरी नाही. बाळाला माझ्याकडून पापी दे. कारण विचारलं असावं, कारण ही म्हणाली, तुझ्या बाबांना विचार, ते मजेत आहेत.

फोन ठेवून पेन घेतलं. म्हणाली, बोल.

मी म्हटलं, लिही: एकंदरीत पाहता वर्ष तसं वाईट गेलं नाही.

तिने लिहिलं नाही. म्हणाली, माझे हात चांगले आहेत लेस. खोटं लिहायचं असेल तर ते तुझ्या हाताने लिही.

मी म्हटलं, बरं. मग लिही की पुढच्या मार्चमध्ये इंजेक्शन मिळालं की हात सुधारतील. ती म्हणाली, सुधारतील असं डॉक्टर म्हणाली होती का? मी म्हटलं, नाही. हे मात्र तिने लिहून घेतलं.

आता काय सांगावं ते सुचत नाही. सव्वादहा झालेत. ती पेन धरून बसली आहे.